भावाची चाल : कै. केशवराव भोळे



दिंडीत चालताना एक तक्रार आम्ही पुष्कळ वर्षे ऐकत आलो आहोत, आणि खरे सांगायचे तर ती आम्हीही केलेली आहे. तक्रार अशी की, हल्लीची भजनी मंडळी अभंगाला सिनेमाच्या चाली लावतात. शब्द तुकोबारायांचे आणि चाल कुठल्या तरी नाचाच्या गाण्याची. ऐकणाऱ्याचे चित्त विठोबाच्या पायाशी जायचे, ते त्या नाचापाशी जाऊन बसते. जुनी माळकरी माणसे अशा भजनातून गुपचूप उठून जातात. त्यांना काय म्हणून दोष द्यावा?

परंतु याच बोलपटाच्या धंद्यात एक गृहस्थ असे होऊन गेले की त्यांनी नेमके उलटे केले. सिनेमाची चाल अभंगाला लावण्याऐवजी त्यांनी अभंगाचे वळण सिनेमाला लावले. त्यांचे नाव केशवराव भोळे. 'संत तुकाराम' हा प्रभातचा बोलपट ज्यांनी पाहिला त्यांच्या कानात केशवरावांचे काम आहे, पण त्यांचे नाव पुष्कळांना ठाऊक नाही. पागनीसबुवांची मूर्ती डोळ्यांसमोर येते. मात्र त्या मूर्तीच्या मुखी जी चाल आली ती कोणी बसवली, हे आपण विचारतच नाही. म्हणून या महिन्यात त्यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवतो आहोत.

केशव वामन भोळे यांचा जन्म २३ मे १८९६ रोजी वऱ्हाडात अमरावतीस झाला. पुढे वैद्यकी शिकून डॉक्टर व्हावे म्हणून ते मुंबईस आले. तो अभ्यास काही तडीस गेला नाही. मुंबईत गाणे होते, नाटके होती, मोठमोठ्या गवयांच्या बैठका होत्या, आणि केशवरावांचा कान एकदा तिकडे लागला तो लागलाच. हातची विद्या सोडून गाण्याच्या नादी लागलेल्या माणसाला जग काय म्हणते ते सांगायला नको. पण त्यांनी हा नाद उनाडपणे केला नाही. ते गाणे ऐकत, त्यावर विचार करीत आणि मग लिहीत. 'एकलव्य' आणि 'शुद्ध सारंग' या टोपणनावांनी त्यांनी त्या काळच्या गायकांवर लेख लिहिले. अमक्या बुवांचा गळा किती फिरतो, तान किती लांब जाते, एवढ्यावर खूश होऊन माना डोलावणारे रसिक पुष्कळ होते. केशवरावांना त्यापुढचे हवे असे. हे गाणे सांगते काय, आणि जे सांगते ते खरे वाटते का, हा त्यांचा प्रश्न होता.

हा प्रश्न त्या दिवसांत किती अवघड होता हे आजच्या वाचकाला कळावे म्हणून थोडे मागे जातो. मराठी रंगभूमीवर तेव्हा संगीत नाटकाचे राज्य होते. एकेका नाटकात डझनांनी पदे असत. गाणारे नट थोर होते, यात शंका नाही. पण व्हायचे असे की नायिकेवर दुःखाचा डोंगर कोसळला आहे, ती शोकाचे पद म्हणू लागली आहे, आणि पद असे काही रंगले की प्रेक्षकांतून वन्स मोअर आलाच! मग तेच दुःख पुन्हा पहिल्यापासून. गाणे वाढत जाई आणि ती नायिका मात्र जागच्या जागी थांबून राही. तिच्या मनात काय पालटले, पदाच्या आधी ती कोण होती आणि पदानंतर कोण झाली, हे कोणी पाहत नसे. गाणे सुंदर, पण ते पात्राचे नव्हे, ते गवयाचे.

१९३२ साली केशवरावांचा विवाह गोव्याच्या दुर्गा केळेकर यांच्याशी झाला. याच पुढे ज्योत्स्ना भोळे या नावाने महाराष्ट्रभर गाजल्या. लग्नानंतर लवकरच, म्हणजे १९३३ साली, 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक रंगभूमीवर आणले. नॉर्वे देशातील ब्यर्नसन यांच्या नाटकावरून श्री. वि. वर्तक यांनी ते लिहिले होते. त्यातील गाण्यांना चाली केशवरावांनी दिल्या आणि ज्योत्स्नाबाई त्यात भूमिका करून गायल्या. गाणी थोडकीच होती. पण एकटी बसलेली मुलगी आपल्याशीच जसे गुणगुणेल तशी ती होती. ताना नाहीत, पल्लेदार आलाप नाहीत. नाट्यपदांवर पोसलेल्या कानांना हे प्रथम चुकल्यासारखे वाटले असल्यास नवल नाही. तरीही त्या मुलीच्या मनात जे चालले होते ते शब्दाशब्दांतून लोकांच्या मनात उतरले. मराठीत ज्याला आपण भावगीत म्हणतो त्याची पायाभरणी ज्यांनी केली त्यांत केशवरावांचे नाव घेतले जाते, ते याच कारणाने.

येथे एक गोष्ट मनात घेण्याजोगी आहे. दुसऱ्याच्या गाण्यात खोट काढणारा मनुष्य स्वतः चाल बसवायला बसला की त्याची खरी परीक्षा होते. लेखणी हातात असताना, हे जादा झाले, ते उगाच घातले, असे लिहिणे सोपे असते. स्वतःला सुचलेली गोड जागा, स्वतःचा आवडता आलाप, प्रसंगाला नको म्हणून आपल्याच हाताने काढून टाकणे फार जड जाते. केशवरावांचे पुढचे सारे काम म्हणजे हे काढून टाकणेच होते, असे आम्हाला वाटते.

प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि १९३३ साली पुण्यास आली. त्यानंतरच्या 'अमृतमंथन' या १९३४ सालच्या चित्रपटाला केशवरावांचे संगीत होते. शांता आपटे यांचे गाणे त्यात फार गाजले. बोलपट तेव्हा मराठीत अवघा दोन वर्षांचा होता. पडद्यावर जो दिसे त्यानेच बहुधा गावे, अशी रीत होती. म्हणून चाल बसवणाऱ्याला गाणाऱ्याचा गळा, त्याचा स्वभाव आणि त्याची भूमिका, सगळेच पाहावे लागे.

मग 'संत तुकाराम' करायचे ठरले. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल. फत्तेलाल जातीने मुसलमान, पण आमच्या संतांच्या तीन चित्रपटांवर त्यांच्या हाताची छाप आहे. शेख महंमदांना मानणाऱ्या वारकऱ्याला यात आश्चर्य वाटायचे कारण नाही. कथा शिवराम वाशीकर यांची आणि तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. पागनीस पूर्वी नाटकातून स्त्रीभूमिका करीत आणि गोड गळ्याचे भजन गाणारे म्हणून त्यांचे नाव होते.

आता केशवरावांपुढचे संकट पाहा. आदल्याच वर्षी, १९३५ साली, प्रभातने 'धर्मात्मा' काढला होता. त्यात एकनाथ महाराजांची भूमिका साक्षात बालगंधर्वांनी केली होती. महाराष्ट्राला वेड लावणारा तो गळा. पण चित्रपटाला मात्र अपेक्षेइतके यश आले नाही. तेव्हा तुकोबा लोकांपुढे कोणत्या गाण्याने उभे करायचे? गवयी थाटाने गायले तर देहूचा वाणी दरबारी गवई वाटेल. अगदी साधे गायले तर नाटकी पदांना सरावलेला प्रेक्षक म्हणेल, यात गाणे ते काय? कंपनीचा पैसा पणाला लागलेला, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लोकांच्या हृदयातला तुकोबा पणाला लागलेला. चूक झाली तर गाणे पडले असे कोणी म्हणणार नाही, तुकोबांची विटंबना केली असे म्हणतील.

केशवरावांनी साधेपणा पत्करला. आणि तो कशासाठी पत्करला हे चित्रपट सुरू होताच कळते. तुकोबा डोळे मिटून पांडुरंगापुढे बसले आहेत. अंग हलत नाही, हातवारे नाहीत, शब्द आणि सूर एकमेकांना धरून शांतपणे चालले आहेत. लागलीच तोच अभंग सालोमालो आपला म्हणून गातो. शब्द तेच. पण ठसका नाटकी, मुरके नाटकी, लक्ष सगळे समोरच्या माणसांकडे. कोणी उठून सांगत नाही की हा भक्त आणि तो भोंदू. देवळात आजवर पाय न ठेवलेल्या माणसालाही ते गाण्यावरून कळते. आम्ही लहानपणी गावच्या जत्रेत तंबूत बसून हा चित्रपट पाहिला, तेव्हा सालोमालोच्या गाण्याला मुले हसली होती. का हसलो ते आम्हाला सांगता आले नसते. आज सांगता येते. चाल त्याच्या पोटातली नव्हती म्हणून आम्ही हसलो.

पुढे पुढे तुकोबांचे गाणे कसे होत जाते, तेही पाहण्यासारखे आहे. प्रथम ते भक्त आणि देव या दोघांतच आहे. संसाराचे भान नाही, घरी जिजाईचा जीव मेटाकुटीला आलेला. मग तेच अभंग हळूहळू गावाच्या तोंडी जातात. एकट्याचे होते ते सगळ्यांचे होते. सालोमालो तुकोबांना भुलवायला एका नायकिणीला पाठवतो. तिचे गाणे अर्थातच तिच्या धंद्याचे, ठुमक्याचे. पण तुकोबांचा बोल कानी पडल्यावर ती पालटते, आणि ज्या जिवावर ठुमका होता त्याच जिवावर पश्चात्ताप उमटतो. पुढे रामेश्वरशास्त्र्यांच्या सांगण्यावरून वह्या इंद्रायणीत जातात. तेरा दिवस अन्नपाणी सोडून काठावर पडलेल्या माणसाच्या तोंडी सुरुवातीचाच निश्चिंत सूर कसा शोभेल? आणि शेवटी वैकुंठाला निघालेल्या तुकोबांचा निरोप. त्यात मागणे राहिलेले नाही, भांडण राहिलेले नाही. जिजाई चुलीपाशी आहे, तिला यायला सवड नाही, आणि तो निरोप तरीही मायेचाच आहे. तुकोबांच्या मनाच्या या पायऱ्या आहेत. त्या पायऱ्यांवर प्रत्येक ठिकाणी गाणे उभे राहील, पण एका पायरीचे गाणे दुसरीवर चालणार नाही, अशी ही रचना आहे.

वारकऱ्याला हे नवे नाही, बरे का. आपल्या भजनाचा क्रमच असा आहे. मंगलाचरण आधी, रूपाचे अभंग आधी. गौळणी आणि भारुडे त्यांच्या ठिकाणी. आरती आणि पसायदान शेवटी. पहाटेच्या काकड्याची चाल रात्रीच्या जागराला कोणी घेत नाही. मनाला एकेक पायरी चढवत न्यायचे, म्हणून हा क्रम थोरांनी लावून दिला. केशवरावांनी हा क्रम चित्रपटात आणला असे आम्ही म्हणत नाही. पण मन जिथे असेल तिथलेच गाणे पाहिजे, हे जे आपल्या फडावरच्या विणेकऱ्याला कळते, ते त्यांना स्टुडिओत बसून कळले होते.

'संत तुकाराम' १२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि तेथे ५७ आठवडे चालला. १९३७ साली इटलीतील व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. तिकडच्या मंडळींना मराठीचे अक्षर येत नव्हते. पागनीसबुवा रस्त्यात दिसले की लोक पाया पडत, असे जुनी माणसे सांगत. १९४३ साली ते वारले, पण तुकोबांच्या वेषातले त्यांचे चित्र आजही कित्येक घरांत देवापाशी लावलेले आहे.

याच चित्रपटाची एक हकीकत सांगतो. ती आपल्या मंडळींनी जाणून घ्यावी अशी आहे. त्यातले 'आधी बीज एकले' हे गीत तुकोबांचे नव्हे, ते शांताराम आठवले यांनी लिहिलेले आहे. एका बीजातून वृक्ष आणि पुढे अनेक फळे, अशी त्यातली कल्पना. ते गाथेच्या वळणाने इतके उतरले की ते गाथेत कोठे आहे याचा शोध जाणत्या मंडळींनी केला. आमच्या दिंडीतले एक वृद्ध विणेकरी हे गीत तुकोबांचे म्हणून नेमाने गात. ते आठवल्यांचे आहे असे कोणी सांगितले, तेव्हा ते दिवसभर कोणाशी बोलले नाहीत. आपण इतकी वर्षे फसलो, देवापुढे भलतेच गायलो, असे त्यांना वाटले असावे. दुसऱ्या दिवशी मुक्कामाला त्यांनी ते पुन्हा म्हटले, पण आधी आठवल्यांचे नाव सांगून. आम्हाला त्यांचे ते करणे फार आवडले. ज्याचे त्याला दिले, आणि भाव होता तो ठेवला. तुकोबांची नाममुद्रा नसलेले तुकोबांच्या नावावर खपवणे हा सालोमालोच्या उलट दिशेचा, पण खोटेपणाच आहे. तो आपण करू नये.

असो. तुकोबांच्या यशानंतर दुसरा कोणी असता तर त्याने तीच चाल पुन्हा पुन्हा विकली असती. केशवरावांचा लगेच पुढचा मोठा चित्रपट म्हणजे १९३७ सालचा 'कुंकू'. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा. दिग्दर्शक व्ही. शांताराम. नीरा नावाच्या तरुण पोरक्या मुलीला फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधतात. शांता आपटे नीरा झाल्या आणि केशवराव दाते काकासाहेब झाले. नीरा रडत बसत नाही; हे लग्न मी मानत नाही असे तिचे वागणे सांगते. साऱ्या घराशी ती एकटी झुंजते.

या चित्रपटात केशवरावांनी काय केले असेल? त्यांनी वाद्ये खाली ठेवली! प्रसंगाच्या मागे जे संगीत वाजते, दुःख आले की सारंगी, भांडण आले की ढोल, ते या चित्रपटात घातलेच नाही. घरात जे आवाज असतात तेवढेच ऐकू येतात. भिंतीवरचे जुने घड्याळ टिकटिक करते. दारे वाजतात, पावले वाजतात. काकासाहेबांचे सरत आलेले वय आणि नीरेचे अडकलेले तारुण्य त्या टिकटिकीतच कळून येते. संगीत देण्यासाठी ज्याला पगार मिळतो, त्यानेच येथे संगीत नको हे मान्य करायचे, ही लहान गोष्ट नाही. दिग्दर्शकाचा विचार होताच, पण दुसरा कोणी संगीतकार असता तर त्याने मानापमान केला असता.

आणि म्हणूनच त्या शांततेत जेव्हा गाणे येते, तेव्हा ते नीरेच्या मनातला बदल घेऊन येते. लहान पोरीबरोबर ती सृष्टीच्या सौंदर्याचे गाणे म्हणते, तेव्हा तिच्यात अजून खेळकरपणा शिल्लक आहे हे कळते. रस्त्यावरून एक गाणारा भिकारी पोर जातो. मन निर्मळ असेल तर भिऊ नकोस, असा त्याच्या गाण्याचा आशय. ते गाणे तिच्यासाठी म्हटलेले नाही, त्या पोराला तिचे दुःख ठाऊकही नाही. पण नेमक्या वेळी ते तिच्या कानी पडते आणि तिला बळ देते. वारीत आपलेही असेच होते ना? पुढच्या दिंडीत कोणी तरी अभंग धरतो, त्याला आपले घर ठाऊक नसते, आपले दुखणे ठाऊक नसते, आणि तो अभंग नेमका आपल्यासाठीच आल्यासारखा वाटतो. नीरेच्या तोंडी एक इंग्रजी गीतही आहे, अमेरिकेतील लाँगफेलो या कवीचे, जगण्याच्या रणात धैर्याने उभे राहा असे सांगणारे. मुलगी केवळ रागावलेली होती ती आता विचाराने उभी राहिली, हे त्यावरून कळते. शेवटी काकासाहेबांना आपला अपराध उमगतो. तेही पालटतात, मात्र फार उशिरा आणि फार भयंकर किंमत देऊन.

पुढे १९४० साली 'संत ज्ञानेश्वर' आला. बाल ज्ञानदेवांचे काम यशवंत या मुलाने केले आणि मोठेपणी शाहू मोडक. वाळीत पडलेल्या घरची ती चार पोरकी भावंडे. त्यांतल्या मुलाने जे गावे ते मुलाचेच असले पाहिजे, आणि ज्याने गीतेचा अर्थ मराठीत आणला त्याच्या तोंडी तीच बोबडी चाल राहता कामा नये. एकाच माणसाचे दोन वयांतले गाणे घडवायचे, असे ते काम होते. १९४१ साली 'संत सखू' आला. सासुरवासाने गांजलेली, पंढरीची वाट पाहणारी सखू हंसा वाडकरांनी केली. १९४४ सालच्या 'रामशास्त्री' या चित्रपटालाही केशवरावांचे संगीत होते. एवढ्या वेगवेगळ्या मनांची गाणी एकाच माणसाने केली, आणि तरी ती एकमेकांसारखी वाटत नाहीत. गाण्यावर आपली सही उठून दिसावी, असा त्यांचा हव्यासच दिसत नाही.

यामुळे त्यांचे नुकसान झाले की काय, असा विचार आमच्या मनात कधी कधी येतो. ज्याची चाल उठून दिसते त्याचे नाव लोकांच्या ध्यानात राहते. ज्याची चाल पात्रात विरघळून जाते त्याचे कोण ध्यानात ठेवणार? लोकांना तुकोबा आठवतात, नीरा आठवते, आणि केशवराव मागे राहतात. पण आम्ही असेही म्हणू की, त्यांना हवे होते ते हेच. उतारवयात त्यांनी आपल्या कामाचा हिशेब 'माझे संगीत : रचना आणि दिग्दर्शन' या पुस्तकात मांडला. ते १९६४ साली निघाले. गाण्याविषयी लिहिणारा मनुष्य गाणे करून पुन्हा लिहिण्याकडे वळला. १९६७ साली ते निवर्तले. ज्योत्स्नाबाई त्यांच्यामागे पुष्कळ वर्षे गात होत्या. त्या २००१ साली गेल्या. पुण्यात प्रभातचा स्टुडिओ जेथे होता तेथे १९६० साली चित्रपट शिकवणारी सरकारी संस्था निघाली, आणि आज देशभरातली मुले तेथे शिकायला येतात.

आता सुरुवातीच्या तक्रारीकडे येतो. अभंगाला सिनेमाची चाल लावू नये हे खरेच. परंतु चाल सिनेमाची आहे एवढ्यासाठी ती वाईट ठरत नाही. ती वाईट ठरते ती एवढ्यासाठी की, ज्या मनातून ती निघाली ते मन त्या अभंगात नाही. हाच न्याय आपल्या जुन्या चालींनाही लावून पाहावा लागेल. पिढीजात चाल, शुद्ध वारकरी वळण, टाळ अगदी ठेक्यात, आणि लक्ष मात्र ध्वनिक्षेपकाकडे, कोणी आपल्याला पाहते आहे का याच्याकडे! मग सालोमालो निराळा तो काय राहिला? त्याचेही शब्द तर तुकोबांचेच होते.

आम्ही हे लिहितो आहोत ते दुसऱ्याला शिकवण्यासाठी नव्हे. गेल्या वर्षी एका हरिपाठात आम्ही पुढे उभे होतो. आवाज चांगला लागला होता. चार माणसे कौतुकाने पाहत होती, आणि ते आम्हाला ठाऊक होते. शेवटी प्रदक्षिणा घालताना ध्यानात आले की, अर्धा हरिपाठ आम्ही म्हटला, पण आम्ही तेथे नव्हतोच. घरी आल्यावर त्या तंबूतला सिनेमा आठवला. सालोमालोला हसणारी मुले आठवली, आणि त्यांत बसलेले आम्हीही आठवलो.

वाचकांपैकी ज्यांना जमेल त्यांनी 'संत तुकाराम' पुन्हा एकदा पाहावा. आता तो घरबसल्या पाहता येतो, जत्रेची वाट पाहावी लागत नाही. पाहताना तुकोबांचे गाणे पहिल्या प्रसंगी कसे आहे आणि शेवटच्या प्रसंगी कसे आहे, एवढे कान देऊन ऐकावे. मग आपल्याच भजनाकडे वळून पाहावे. माळ घातली त्या वर्षी आपण हरिपाठ कसा म्हणत होतो, आणि आज कसा म्हणतो? चाल तीच असेल. ती तशीच असावी. पण म्हणणारा जर तसाच राहिला असेल, तर इतक्या वाऱ्या पायांनी केल्या, मनाने केल्या नाहीत, असे म्हणावे लागेल. केशवराव भोळे यांचे स्मरण करताना आम्हाला आमच्यापुरता हा हिशेब मांडावासा वाटला, म्हणून तो येथे मांडला.

रामकृष्णहरी.